लेखकानं सोशल मीडियावर आपली ओळख कशी मांडावी

‘रोज पोस्ट टाका’, ‘ट्रेंड पकडा’, ‘आधी फॉलोअर वाढवा, पुस्तक नंतर’. लेखकांना हे सल्ले देणं आता थांबायला हवं. गेली काही वर्षं मी स्वतःचं खातं सांभाळते आणि ओळखीतल्या लेखकांचीही खाती लावून देते. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट आढळते. माणूस तीनशे पोस्टी लिहून बसलेला असतो, पण त्याच्या खात्यावर पहिल्यांदा आलेल्या वाचकाला पुस्तकाचं नाव काही सापडत नाही. तो वाचक अर्धा मिनिटही थांबत नाही. त्या अर्ध्या मिनिटात त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात: तुम्ही काय लिहिता, त्यानं तुमचं कोणतं पुस्तक आधी वाचावं आणि ते कुठे मिळेल. बाकीचं सगळं त्यानंतर.

१. नाव आणि खातं

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे नाव छापलंय तेच नाव खात्याला द्या, टोपणनाव असलं तर टोपणनाव. एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) वापरकर्तानाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं आणि रोमन लिपीतच घ्यावं लागतं. म्हणून आपल्या नावाचं एकच रोमन स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा. जे नाव दिसतं त्या रकान्यात मात्र देवनागरी आणि रोमन दोन्ही लिहा, कारण लोक दोन्ही लिप्यांत शोधतात. फेसबुकच्या वैयक्तिक खात्यावर ५,००० मित्रांची मर्यादा आहे, पेजला तशी मर्यादा नाही. त्यामुळे पुस्तकांसाठी पेज आणि घरच्यांसाठी खातं, अशी वाटणी पहिल्या दिवशीच करून टाका. पाच ठिकाणी खाती उघडू नका. जिथे तुम्ही स्वतः आवडीनं वाचता, अशा एक-दोन जागा पुरतात.

२. फोटो

चेहरा स्पष्ट दिसणारा, अलीकडचा, सगळीकडे एकच, आणि छायाचित्रकाराची परवानगी घेतलेला.

३. परिचय

खरं काम इथे आहे. मी स्वतः इथे तीन वर्षं अडखळले.

माझा पहिला परिचय असा होता: ‘शब्दवेडी, स्वप्नाळू, पाऊसप्रेमी, मनातलं कागदावर उतरवणारी, आयुष्यावर भरभरून प्रेम करणारी.’ लिहिताना तो मला नम्र आणि हळवा वाटला होता. मग एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी मला न विचारता तो जसाच्या तसा उचलून निमंत्रणपत्रिकेवर छापला. बाकीच्या तीन लेखकांच्या नावाखाली त्यांची पुस्तकं होती आणि माझ्या नावाखाली पाऊस. कार्यक्रम संपल्यावर एक बाई जवळ आल्या. मी केलेलं वाचन त्यांना मनापासून आवडलं होतं. त्यांनी विचारलं, “तुमचं एखादं पुस्तक आहे का हो?” तेव्हा माझी दोन पुस्तकं बाजारात होती.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे परिचय तुमच्या खात्यावर राहत नाही. आयोजक, पत्रकार, समीक्षक, पुढच्या पुस्तकाचा प्रकाशक असे सगळे तो तिथून उचलतात आणि बहुतेक वेळा तुम्हाला विचारत नाहीत. म्हणून तो उचलण्याजोगाच लिहावा लागतो. दुसरी म्हणजे विशेषणांनी माणसाची ओळख पटत नाही. शब्दवेडं कोण नसतं? पाऊस कोणाला आवडत नाही? माझी ती ओळ लिहिणाऱ्या कोणाच्याही खात्यावर खपून गेली असती.

आता मोजणीबद्दल, कारण देवनागरीत लिहिणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. इन्स्टाग्रामवर परिचयाला १५० चिन्हांची जागा आहे आणि एक्सवर १६० चिन्हांची. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक आणि फोन ज्या पद्धतीनं अक्षरं साठवतात तिच्यात, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘लेखिका’ डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द दिसतो, मोजला तर सहा चिन्हं भरतात. ‘साहित्यिक’ची नऊ होतात. माझ्या त्या जुन्या ओळीनं ८८ चिन्हं खर्च केली होती आणि त्यात पुस्तकाचं नाव एकदाही नव्हतं. जागा एवढी महाग असताना ती विशेषणांवर घालवणं हा तोटाच आहे.

मी आता ज्या क्रमानं लिहिते तो असा. पहिला शब्द लेखनप्रकाराचा: कादंबरीकार, कवयित्री, अनुवादक, विज्ञानलेखक. ‘साहित्यिक’ नको, त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. पुढे विषय एका वाक्यात. मग सगळ्यात ताज्या पुस्तकाचं नाव. शेवटी पुस्तकं आणि संपर्क कुठे मिळेल ते. उदाहरणार्थ: ‘कादंबरीकार. एकाच घरातल्या तीन पिढ्यांबद्दल लिहिते. नवी कादंबरी:’ आणि पुढे तिचं नाव, ‘पुस्तकं आणि संपर्क खालच्या लिंकवर.’ नाव फार लांब नसेल तर हे सगळं १५० मध्ये बसतं.

सगळ्यात अवघड जातं ते विषयाचं वाक्य. ‘मानवी नातेसंबंधांवर लिहिते’ असं लिहून स्वतःची सुटका करून घेऊ नका, कारण नात्यांवर सगळेच लिहितात. आपल्या पुस्तकात लोक कुठे राहतात, काय काम करतात, कशासाठी भांडतात, हे आठवा आणि तेच लिहा. माझ्या ओळखीतल्या एक कथालेखिका परिचारिका आहेत. नोकरीचा उल्लेख केला तर आपल्याला हौशी समजतील, या भीतीनं त्यांनी तो गाळला होता. त्यांच्या सगळ्या कथा मात्र रात्रपाळीच्या वॉर्डात घडतात. ‘रात्रपाळीच्या वॉर्डातल्या कथा लिहिते. व्यवसायानं परिचारिका.’ एवढं लिहिल्यावर कोणाला काही समजावायची गरजच उरली नाही. लेखनाशी नातं असेल तर व्यवसाय जरूर लिहा. नसेल तर गाळा, त्यात कमीपणा नाही.

काही शब्द मी दिसले की काढून टाकते. ‘सुप्रसिद्ध’ आणि ‘ज्येष्ठ’ हे दुसऱ्यांनी म्हणायचे शब्द आहेत. ‘पुरस्कारप्राप्त’ लिहायचं तर पुरस्काराचं नाव आणि वर्ष लिहा, नाहीतर तो शब्द सोडा. ‘बेस्टसेलर’ म्हणायचं तर कोणत्या यादीत होतं ते सांगता आलं पाहिजे. आणि ‘लवकरच येत आहे’ तारीख हातात आल्याशिवाय लिहू नका. माझ्या खात्यावर ते दोन वर्षं तसंच राहिलं होतं. वाचक चौकशी करायचे आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

छोट्या परिचयाबरोबर आणखी दोन लिहून ठेवा: एक साधारण साठ शब्दांचा, एक दीडशे शब्दांचा. हे दोन्ही तृतीयपुरुषात हवेत. मराठीत इथे संकोच आड येतो. स्वतःबद्दल ‘त्यांनी लिहिलं’, ‘त्यांचा संग्रह’ असं आदरार्थी लिहिताना हात थांबतो, म्हणून लोक अर्धा मजकूर ‘मी’मध्ये आणि अर्धा ‘त्या’मध्ये लिहितात. मग सूत्रसंचालक तो व्यासपीठावरून तसाच वाचून दाखवतो. संकोच बाजूला ठेवा आणि आदरार्थी बहुवचनातच लिहा. तो मजकूर दुसऱ्याच्या तोंडी जाणार आहे. एकदा मोठ्यानं वाचून पाहा. जिथे तुमची जीभ अडखळते तिथे सूत्रसंचालकाचीही अडखळेल. नावाचा उच्चार लोक चुकत असतील तर तोही स्पष्ट लिहून ठेवा.

नवं पुस्तक आलं की त्याच दिवशी तिन्ही परिचय बदला.

४. लिंक

इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही. परिचयात मात्र २०२३ पासून पाचपर्यंत लिंका देता येतात. पहिली लिंक पुस्तक मिळण्याच्या जागेची असू द्या. संपर्कासाठी वेगळा ईमेल काढा. घरचा पत्ता आणि खासगी फोन नंबर कुठेही नको.

५. पोस्ट

आठवड्याला एक पुरे, पण ती तुम्ही खरोखर लिहिलेली हवी. पुस्तकातला एक परिच्छेद आणि तो कसा सुचला किंवा कितव्या खर्ड्यात टिकला याच्या चार ओळी, एवढ्यानं भागतं. ‘माझं पुस्तक घ्या’ असं दहा वेळा म्हणण्यापेक्षा एक चांगला परिच्छेद वाचायला दिलेला बरा. मुखपृष्ठ टाकताना चित्रकाराचं नाव लिहा, अनुवाद असेल तर अनुवादकाचं. ही नावं गाळलेली पोस्ट मला बघवत नाही, कारण त्या माणसांचंही पोट त्या कामावर असतं. पुस्तकाची ओळख करून देणारी पोस्ट खात्याच्या वर पिन करून ठेवा. आणि पन्नास लोकांना न विचारता टॅग करू नका, त्यानं वाचक वाढत नाहीत, लोक दुरावतात.

६. प्रतिक्रिया

कौतुकाला थोडक्यात आभार. प्रश्नाला उत्तर. वाईट परीक्षणाला काहीही नाही, खुलासासुद्धा नाही. गुडरीड्ससारखी वाचकांची जागा तर लेखकांना स्पष्टच सांगते की आपल्या पुस्तकाच्या परीक्षणांखाली उत्तर देऊ नका. मी एकदा दिलं होतं, अगदी सभ्य भाषेत, दोन परिच्छेदांचं. त्या वाचकानं आपलं परीक्षण काढून टाकलं आणि त्याखाली चर्चा करणारे इतर वाचकही गप्प झाले. पुस्तकाबद्दल चाललेलं ते बोलणं मीच बंद पाडलं. परीक्षणात तपशिलाची खरी चूक दाखवली असेल तर ती टिपून ठेवा आणि पुढच्या आवृत्तीसाठी प्रकाशकाला कळवा. घरच्यांकडून आणि मित्रांकडून परीक्षणं लिहून घेऊ नका. ॲमेझॉन लेखकाच्या कुटुंबीयांची आणि जवळच्या मित्रांची परीक्षणं चालू देत नाही, सापडली तर काढून टाकतं. शिवीगाळ झाली तर वाद न घालता त्या माणसाला ब्लॉक करा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.