आधी पिस्टन, मग बोअर: शेव्हीचं ४५४ बांधताना

१९७० साली जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाड्यांवरची ४०० घनइंचांची मर्यादा उठवली आणि शेव्हीच्या, म्हणजे शेव्हरोलेच्या, शेव्हेल एसएस या गाडीच्या बॉनेटखाली ४५४ घनइंचांचं, म्हणजे जवळपास साडेसात लिटरचं व्ही-८ आलं. त्यातलं एलएस६ नावाचं इंजिन कागदावर ४५० हॉर्सपॉवरचं. ते आज हाती लागणं कठीण. पण ४५४चे ब्लॉक शेव्हीच्या ट्रकमध्येही वर्षानुवर्षं बसत होते, त्यामुळे अमेरिकेतले हौशी लोक बहुधा तसलाच एखादा ब्लॉक घेऊन कामाला लागतात. मीही तेच केलं. पाने फिरवायला दोन-तीन संध्याकाळी पुरल्या; बाकी सगळा वेळ मोजण्यात आणि धुण्यात गेला.

मापं थाऊमध्ये घ्यायची. आपल्याकडचे टर्नर-फिटर म्हणतात तोच थाऊ, इंचाचा हजारावा भाग.

ब्लॉक तपासणं. इंजिन पूर्ण खोला. मेन कॅप (क्रँकशाफ्ट धरणाऱ्या) आणि रॉड कॅपवर (कनेक्टिंग रॉडच्या) नंबर टाका. त्या आपापल्या जागीच परत गेल्या पाहिजेत. ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, सगळे प्लग काढा, कारण पन्नास वर्षांचा गाळ त्यांच्यामागेच बसलेला असतो. मग ब्लॉक मशीन शॉपला देऊन आधी चुंबकीय तपासणीने तडे बघायला सांगा. सिलिंडरच्या भिंतींची जाडीही मोजून घ्या. तडा निघाला तर पुढचा खर्च वाचला म्हणायचं.

बोअरिंग आणि होनिंग. इथे घाई नडते. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४.२५० इंच. तीस थाऊ ओव्हरसाइज केला की ४.२८०, आणि इंजिन होतं ४६० घनइंचांचं. पण "तीस थाऊ मारून द्या" एवढंच सांगून मोकळं होऊ नका. आधी पिस्टन विकत घ्या आणि ब्लॉकबरोबर शॉपमध्ये नेऊन ठेवा. प्रत्येक पिस्टन कंपनीने सांगितलेल्या जागी मायक्रोमीटरने मोजायचा, त्यात कंपनीने दिलेला क्लिअरन्स (मधली फट) मिळवायचा, आणि जो आकडा येईल तो त्या सिलिंडरचा बोअर. बोअरिंग मशीनने शेवटचे तीन-चार थाऊ सोडायचे आणि ते होनिंगने, म्हणजे बारीक घासून, काढायचे.

होनिंग टॉर्क प्लेट लावूनच करून घ्या. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा आकार किंचित बिघडतो. ही जाड प्लेट हेडच्या जागी तितक्याच ताकदीने आवळली, की होन त्या बिघडलेल्या आकारातच गोल बोअर तयार करतो. प्लेट नसलेल्या शॉपमध्ये मी ब्लॉक देणार नाही, चार पैसे वाचत असले तरी.

क्रँक ग्राइंड करायची असेल तर तीही आताच. क्रँक, रॉड आणि पिस्टन मिळून बॅलन्स करून घ्या. ४५४चं बॅलन्सिंग बाहेरचं असतं, म्हणजे काही वजन पुढच्या बॅलन्सरवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर असतं. शेव्हीच्याच ४२७ घनइंची इंजिनाचा बॅलन्सर त्यावर बसतो, पण मग गाडी थरथरते.

धुणं. ब्लॉक घरी आला की गरम पाणी, साबण आणि ब्रश. होनिंगची बारीक कच पेट्रोलने निघत नाही. पांढऱ्या कापडावर थोडं ऑइल घेऊन बोअर पुसा. कापड करडं झालं तर पुन्हा धुवा. मी पाच वेळा धुतला. वाळवल्यावर लगेच ऑइल लावा, उघडं लोखंड बघता बघता गंजतं. गॅलरीचे प्लग मोजून परत बसवा.

क्रँक. बेअरिंगच्या शेलची पाठ आणि तिची बैठक कोरडी ठेवा, ऑइल फक्त आतल्या बाजूला. क्लिअरन्सचा ढोबळ हिशेब असा: जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) दर इंच व्यासाला एक थाऊ. मेन जर्नल पावणेतीन इंचांचे, म्हणून अडीच ते तीन थाऊ. चार बोल्टांच्या कॅपना ११० फूट-पौंड, तेही तीन टप्प्यांत. शेवटच्या टप्प्याआधी क्रँक लाकडी हातोडीने पुढे-मागे ठोका, म्हणजे मागच्या कॅपमधलं थ्रस्ट बेअरिंग सरळ बसतं. पुढे-मागे खेळ सहा ते दहा थाऊ हवा.

पिस्टन. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फटीत फीलर गेज घाला. वरच्या रिंगला बोअरच्या दर इंचाला साडेचार थाऊ, म्हणजे इथे एकोणीसच्या आसपास. रिंगच्या डब्यातल्या कागदावर वेगळं असेल तर तो कागद खरा. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर जर्नलवर चरे पडतील.

एकेक पिस्टन बसवला की क्रँक हाताने पूर्ण फिरवा. माझी तिसऱ्या पिस्टनला एकदम जड झाली. रॉड उलटा गेला होता: ज्या बाजूला जास्त उतार घासलेला असतो ती क्रँकच्या गालाकडे हवी, सपाट बाजू शेजारच्या रॉडकडे. आठही बसवून मग फिरवली असती तर कुठला चुकला ते शोधत बसलो असतो.

हेड आणि टायमिंग. हेडच्या बऱ्याच बोल्टांची भोकं पाण्याच्या जॅकेटात उघडतात, त्यामुळे आट्यांना सीलर लावा. ८० फूट-पौंड, तीन टप्प्यांत. एक्झॉस्टचे पुशरॉड इनटेकपेक्षा इंचभर लांब असतात, अदलाबदल करू नका. टायमिंग चेनच्या दोन्ही गिअरवरच्या खुणा समोरासमोर आल्या की पहिला सिलिंडर फायरिंगला आला असं वाटतं. आलेला असतो सहावा. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा आणि मगच डिस्ट्रिब्युटर टाका. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२.

पहिली सुरुवात. डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी त्याच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवा, घड्याळाच्या दिशेने. मध्ये मध्ये क्रँक फिरवत राहा. सगळ्या रॉकरवर ऑइल दिसलं पाहिजे. जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट असतील तर झिंक-फॉस्फरस भरपूर असलेलं ऑइल घ्या. इंजिन सुरू झालं की आयडलवर ठेवू नका. लगेच २,००० ते २,५०० आरपीएमला न्या आणि वीस मिनिटं तिथेच वर-खाली करत राहा. कॅमच्या लोबला (टॅपेट उचलणाऱ्या उंचवट्यांना) क्रँकने उडवलेलं ऑइल मिळतं, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही.

मग बंद करा, ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडा. थोडी करडी कणी असेल तर ती नव्या रिंगची. तांबूस चमक दिसली तर ती बेअरिंगची; ऑइल संप (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) पुन्हा खाली उतरवा.