क्रिकेट मंडळातील राजकीय हस्तक्षेप कसा ओळखावा आणि सुधारणा कशी मागावी

नागपुरात गुझदर लीग ही स्थानिक क्लबांची स्पर्धा खेळणाऱ्या एखाद्या क्लबचा सचिव असो, संघटनेचा आजीव सभासद असो किंवा जामठ्याच्या स्टेडियमवर तिकीट काढून सामना पाहणारा साधा रसिक असो, क्रिकेट मंडळात राजकारण शिरल्याची तक्रार तो कधी ना कधी करतोच. ती तक्रार पुष्कळदा खरी असते. मात्र ज्या शब्दांत ती केली जाते, त्या शब्दांवर न्यायालय, धर्मादाय आयुक्त किंवा सर्वसाधारण सभा यांपैकी कोणालाही काही करता येत नाही. ‘सगळीकडे पुढारीच बसले आहेत’ असे म्हणून कोणाचे पद जात नाही. अमुक कलमानुसार अपात्र ठरणारी व्यक्ती अमुक तारखेपासून पदावर आहे, असे कागदासह मांडले तर त्याची दखल घ्यावी लागते. तक्रारीला हे रूप कसे द्यावे, ते पुढे सांगितले आहे.

हस्तक्षेप नेमका कशाला म्हणावे

राजकीय व्यक्ती पदावर असणे आणि सरकारने मंडळाचा कारभार चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी मनाशी पक्के करावे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या अध्यक्षपदावर माधवराव शिंदे, शरद पवार आणि अनुराग ठाकूर हे राजकारणी निवडून आलेले होते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद याला आपोआप हस्तक्षेप मानत नाही. सदस्य मंडळाने आपला कारभार स्वायत्तपणे चालवावा आणि त्यात सरकारने ढवळाढवळ करू नये, एवढीच तिची अट आहे. पाकिस्तानात मात्र देशाचे पंतप्रधान मंडळाचे आश्रयदाते असतात, नियामक समितीवर आपली माणसे नेमतात आणि सरकार बदलले की मंडळाचा अध्यक्ष बदलतो. २०२४ पासून तेथील अध्यक्ष मोहसिन नक्वी हे त्याच काळात देशाचे गृहमंत्रीही राहिले. सरकार आणि मंडळ यांच्यातील रेषा तेथे जवळजवळ उरलेलीच नाही.

म्हणून आपल्या वहीत प्रत्येक प्रसंगापुढे एकच प्रश्न लिहावा: हा निर्णय मंडळाच्या घटनेने ज्याला अधिकार दिला आहे त्याने घेतला, की बाहेरून आलेल्या आदेशाने तो घेतला गेला? संघनिवड, सामन्याचे ठिकाण, कंत्राट, समितीची नेमणूक, पदाधिकाऱ्याची निवड, या प्रत्येक बाबतीत हाच प्रश्न विचारावा.

घटना मिळवावी आणि ती शेवटाकडून वाचावी

मंडळाची घटना हाच सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. भारतीय मंडळाची स्थापना १९२८ मध्ये झाली असून ते तमिळनाडूच्या १९७५ च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले आहे. सध्याची घटना २१ ऑगस्ट २०१८ रोजी तेथेच नोंदवली गेली. ती उद्दिष्टांपासून वाचायला घेतली तर वाचणारा दमतो, म्हणून शेवटाकडून, म्हणजे घटनादुरुस्तीच्या कलमापासून सुरुवात करावी. दुरुस्ती करणे किती सोपे आहे, यावर बाकीच्या सर्व कलमांचे मोल ठरते. २०१८ च्या घटनेत दुरुस्तीसाठी तीन चतुर्थांश बहुमत लागते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून ती अमलात येत नाही, अशी तरतूद घातली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये मंडळाच्या वार्षिक सभेने पदाधिकाऱ्यांच्या मुदतीची बंधने सैल करणारे ठराव केले, तरी ते अमलात आणण्यासाठी सप्टेंबर २०२२ पर्यंत न्यायालयाच्या दारात थांबावे लागले, ते या एका कलमामुळेच. आपल्या जिल्हा संघटनेच्या किंवा क्लबच्या घटनेत असे कुलूप आहे का, हे आधी पाहावे.

त्यानंतर अपात्रतेचे कलम पाहावे. हे बंधन आले कोठून, ते ठाऊक असले म्हणजे त्याचा अर्थ नीट लागतो. २०१३ च्या आयपीएलमधील स्पॉट फिक्सिंगनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांच्या समितीने चौकशी केली. २२ जानेवारी २०१५ च्या निकालात न्यायालयाने मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना संघाची मालकी घेण्याची मुभा देणारी दुरुस्ती रद्द केली. त्यानंतर न्यायमूर्ती राजेंद्रमल लोढा, अशोक भान आणि आर. व्ही. रवींद्रन यांच्या समितीने ४ जानेवारी २०१६ रोजी अहवाल दिला. मंत्री व शासकीय सेवक यांना पदबंदी, वयाची ७० वर्षांची मर्यादा, सलग पदावर राहण्यास आळा, तंट्यांचा निवाडा करणारा लोकपाल, हितसंबंधांची चौकशी करणारा नैतिकता अधिकारी आणि मंडळाचा कारभार पाहणाऱ्या सर्वोच्च परिषदेवर महालेखापरीक्षकांचा प्रतिनिधी, या त्यातील मुख्य शिफारशी होत्या. १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने त्यांतील बहुतेक स्वीकारल्या, आणि अंमलबजावणी टाळली जात असल्याचे पाहून २ जानेवारी २०१७ रोजी अध्यक्ष व सचिव या दोघांनाही पदावरून दूर केले.

येथे शब्द बारकाईने पाहावे लागतात. २०१८ च्या घटनेत मंत्री आणि शासकीय सेवक यांच्या जोडीला ‘सार्वजनिक पद धारण करणारी व्यक्ती’ हाही उल्लेख होता. २०२२ च्या बदलाने तो गळला. त्यामुळे आमदार वा खासदार आज केवळ त्या पदामुळे अपात्र ठरत नाही. मला ही पळवाट गंभीर वाटते, कारण मंत्रिपद आज ना उद्या जाते, पण लोकप्रतिनिधीचा जिल्ह्यातील दबाव कायम राहतो. तरीही तक्रार लिहिताना आपल्याला काय वाटते ते बाजूला ठेवून आज कलमात काय आहे तेच लिहावे.

मुदतीचा हिशेब कागदावर मांडावा. एका स्तंभात वर्षे, दुसऱ्यात राज्य संघटनेतील पद आणि तिसऱ्यात मंडळातील पद लिहावे. २०१८ मध्ये नियम असा होता की राज्यात, मंडळात किंवा दोन्हीकडे मिळून सलग दोन मुदती, म्हणजे सहा वर्षे झाली की तीन वर्षांची सक्तीची विश्रांती घ्यावी लागे. २०२२ पासून राज्यातील सलग सहा आणि मंडळातील सलग सहा वर्षे वेगवेगळी मोजली जातात, म्हणजे एखादी व्यक्ती बारा वर्षे खंड न पडता पदावर राहू शकते. पुष्कळ तक्रारी याच आकडेमोडीत चुकतात. सचिवाचे वर्ष मोजले जाते आणि सहसचिवाचे राहून जाते, किंवा नेमणुकीची तारीख सभेची धरावी की नोंदणीची, याचा घोळ होतो. प्रत्येक तारखेपुढे तिचा पुरावा कोणता, तेही लिहून ठेवावे.

मताधिकाराच्या कलमाशी तर विदर्भाचे अस्तित्वच बांधलेले आहे. लोढा समितीच्या ‘एक राज्य, एक मत’ या सूत्राप्रमाणे महाराष्ट्र राज्यातील मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन संघटनांना मिळून मंडळात एकच मत राहिले असते. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला आणि त्याच वर्षी ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या तिन्ही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व परत दिले. सुधारणेची प्रत्येक शिफारस जशीच्या तशी उचलावी असे नसते, हे नागपूरकराला वेगळे सांगायला नको. पण मिळालेले मत कोण, कोणाला विचारून टाकतो, हे विचारण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

कागद कोठे आणि कसे मागावे

माहिती अधिकाराचा अर्ज थेट भारतीय मंडळाकडे पाठवून फारसे काही हाती लागत नाही. विधी आयोगाने एप्रिल २०१८ च्या २७५ व्या अहवालात मंडळाला या कायद्याखाली आणण्याची शिफारस केली होती. परंतु २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने ही कक्षा सरकारी अनुदान वा अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थांपुरतीच ठेवली, आणि मंडळ असे अनुदान घेत नाही.

म्हणून वाट थोडी वळवावी. महाराष्ट्रात आपली संघटना किंवा क्लब सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेला असेल, तर त्याची घटना, विश्वस्तांची यादी, फेरफार अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्यासाठीचे अर्ज) आणि लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल व्हावे लागतात. नागपुरात धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय आहे. तेथे संस्थेचा नोंदणी क्रमांक देऊन नकलांसाठी अर्ज करावा. नक्कल मिळाली नाही तर त्याच कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज द्यावा, कारण एखाद्या खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला अन्य कायद्याने मिळवता येते, तीही माहिती अधिकाराच्या व्याख्येत बसते. अर्जात ‘भ्रष्टाचाराची माहिती द्यावी’ असे लिहू नये. ‘अमुक संस्थेच्या अमुक वर्षापासूनच्या सर्व फेरफार अर्जांच्या व त्यांवरील आदेशांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात’ असे लिहावे. मैदानासाठी सरकारी जमिनीचा भाडेपट्टा असेल तर महसूल खात्याकडे आणि सामन्याच्या बंदोबस्त शुल्काबाबत पोलीस खात्याकडे स्वतंत्र अर्ज करावेत.

कोणाकडे जाऊ नये

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चिडलेला सभासद नेमका येथेच चुकतो. मंडळ बिघडले आहे म्हणून मंत्र्याकडे जाऊन ते बरखास्त करण्याची मागणी करणे म्हणजे एका हस्तक्षेपावर दुसऱ्या हस्तक्षेपाचा उपाय करणे होय.

श्रीलंकेचे उदाहरण समोर ठेवावे. २ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर भारताविरुद्ध त्यांचा संघ ५५ धावांत बाद झाला. त्यानंतर काही दिवसांतच क्रीडामंत्री रोशन रणसिंघे यांनी मंडळ बरखास्त करून अर्जुन रणतुंगा यांच्या अध्यक्षतेखाली हंगामी समिती नेमली. न्यायालयाने मंडळ परत आणले, संसदेने ते जावे असा एकमुखी ठराव केला, आणि १० नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय परिषदेने श्रीलंकेचे सदस्यत्व निलंबित केले. पाठोपाठ २०२४ ची एकोणीस वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा त्यांच्याकडून काढून दक्षिण आफ्रिकेला दिली गेली. जानेवारी २०२४ च्या अखेरीस निलंबन उठले, तरी आपल्याच मैदानावर विश्वचषक खेळण्याची त्या मुलांची संधी परत आली नाही. झिम्बाब्वेत २०१९ मध्ये असेच घडले. सरकारी क्रीडा आयोगाने मंडळ दूर केले, जुलैमध्ये निलंबन आले आणि त्यांच्या महिला संघाला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेला मुकावे लागले. मंडळाच्या चुकीशी त्या खेळाडूंचा काहीही संबंध नव्हता, आणि हे मला फार लागते.

भारतात २०१७ मध्ये न्यायालयाने विनोद राय यांच्या अध्यक्षतेखाली प्रशासकांची समिती नेमली, तरी निलंबन आले नाही. महालेखापरीक्षकांचा प्रतिनिधी घेणे म्हणजे सरकारी हस्तक्षेप होय, हा मंडळाचा युक्तिवादही सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच फेटाळला होता. नागपूरचे विधिज्ञ शशांक मनोहर त्या काळात आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते, आणि त्याआधी मंडळाच्या अध्यक्षपदी असताना त्यांच्याच कारकिर्दीत, नोव्हेंबर २०१५ मध्ये, न्यायमूर्ती ए. पी. शाह यांची लोकपाल म्हणून नेमणूक झाली होती. सुधारणेची सुरुवात मंडळाच्या आतूनही होऊ शकते, याचा हा आपल्याच गावाशी जोडलेला दाखला आहे.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी संघटनेच्या सचिवाला पोच घेऊन लेखी पत्र द्यावे. उत्तर आले नाही तर लोकपालाकडे किंवा नैतिकता अधिकाऱ्याकडे जावे. विश्वस्त व्यवस्थेचा प्रश्न असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा. आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. भारतीय संविधानाच्या अर्थाने मंडळ हे ‘राज्य’, म्हणजे सरकारी यंत्रणा, नाही, पण ते सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते, म्हणून संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध याचिका चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले आणि २०१५ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

वार्षिक सभेत ठराव मांडायचा असेल तर सूचना किती दिवस आधी द्यावी लागते आणि किती सभासदांच्या सह्या लागतात, हे घटनेत पाहून ती तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहावी. ठरावात एका वेळी एकच दुरुस्ती मागावी. मतदार यादी निवडणुकीपूर्वी पुरेशी आधी प्रसिद्ध व्हावी आणि निवडणूक अधिकारी संघटनेबाहेरचा असावा, ही मागणी पहिली ठेवणे योग्य ठरेल. भारतीय मंडळातही निवडणूक अधिकारी निवडणूक आयोगाचा माजी सदस्य असतो. असे असूनही २०१९, २०२२ आणि २०२५ मध्ये तेथील निवडी बिनविरोध झाल्या, त्यामुळे कोणी अर्ज भरले, कोणी मागे घेतले आणि कोणत्या तारखेला, याची नोंद मागायला विसरू नये. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील तीस दिवसांच्या आत पहिले अपील दाखल करावे लागते.