लाखांचं घड्याळ हातात आहे ना? मग या चुका टाळा

आमच्या दुकानात येणाऱ्या माणसाला त्याच्या घड्याळाची किंमत विचारा, तो रुपयात सांगेल, दुबईत केवढ्याला पडतं ते सांगेल, आज विकलं तर किती येतील आणि कुठल्या क्रिकेटरच्या हातात असलंच दिसलं होतं तेही सांगेल. पण घड्याळ चावीचं आहे का ऑटोमॅटिक असं विचारलं की चेहरा कोरा. वडिलांपासूनचं दुकान आहे, पंचवीस एक वर्षं मी स्वतः भिंग लावून बसतोय, आणि त्याच त्या चुका बघून बघून आता खरंच कंटाळा आलाय म्हणून हे लिहितोय. घड्याळवाल्याच्या पोटावर पाय येईल असं लिहू नकोस म्हणाली बायको. पण तुम्ही सुधारणार नाही याची मला खात्री आहे त्यामुळे माझं पोट सुरक्षित आहे.

चावीचं घड्याळ आणि चावी न देणारा मालक

मागच्या दिवाळीनंतर एक गृहस्थ ओमेगा स्पीडमास्टर घेऊन आले, चंद्रावर गेलेलं ते. आधी मला दहा मिनिटं १९६९ चा सगळा इतिहास ऐकवला. (आर्मस्ट्राँगचं घड्याळ यानातच राहिलं होतं आणि चंद्रावर उतरताना हातात होतं ते ऑल्ड्रिनच्या, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.) तक्रार काय, तर घेऊन आठवडा झाला, दोन दिवस चाललं आणि बंद, डिफेक्टिव्ह पीस मिळालाय. मी काही न बोलता क्राऊन, म्हणजे बाजूची चावी द्यायची कळ, धरून चावी दिली. चाललं. म्हटलं साहेब, याच्यात ऑटोमॅटिकसारखा आपोआप फिरणारा रोटर नाही, हात हलवून हे भरत नाही, याला रोज चावी द्यावी लागते. ते म्हणाले, "एवढ्या पैशात चावी?"

मी विचारलं घरात आधी कुणाकडे एचएमटी होतं का. होतं, आजोबांकडे, जनता. आजोबा काय करायचे? तर म्हणे सकाळी चहा यायच्या आधी चावी द्यायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. बघा, म्हणजे आजोबांना माहीत होतं.

माझी सवय सांगतो, सकाळी उठल्यावर घड्याळ हातातून काढलेलं असतानाच चावी द्यायची, मनगटावर असताना नाही कारण मग क्राऊन तिरका ओढला जातो. हाताला स्पष्ट अडल्यासारखं लागलं की थांबायचं, तिथे जोर लावायचा नाही. ऑटोमॅटिक असेल तर मात्र असं अडत नाही, मेनस्प्रिंग, म्हणजे चावीने आवळली जाणारी मुख्य स्प्रिंग, पूर्ण भरली की आतल्या आत घसरते, त्यामुळे "जास्त चावी दिली म्हणून बिघडलं" हे ऑटोमॅटिकच्या बाबतीत नुसतं बोलायचं निमित्त आहे.

आणि बंद पडलेलं ऑटोमॅटिक खुळखुळ्यासारखं हलवू नका हो. क्राऊनने २०-२५ फेरे द्या आणि मग हातात घाला, बाकीचं ते बघून घेईल. रोलेक्सच्या डायलवर परपेच्युअल लिहिलेलं असतं त्याचा अर्थ कधीच बंद पडणार नाही असा नाही, त्याचा अर्थ आत रोटर आहे एवढाच, १९३१ पासून त्यांनी ते नाव धरलंय. पूर्ण भरून काढून ठेवलं तर त्यांचं आताचं ३२३५ मशीन साधारण ७० तास चालतं, त्याआधीचं ३१३५ ४८ च्या आसपास. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं नवं घड्याळ सोमवारी सकाळी चालू सापडेल आणि जुनं रविवारी संध्याकाळीच झोपलेलं असेल. दोन्ही घड्याळं ठणठणीत आहेत, माझ्याकडे आणू नका.

पाणी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात वाईट अवस्थेतली घड्याळं पाण्यानेच येतात.

आयटीमधला एक मुलगा, चांगलं ३०० मीटरचं डायव्हर घड्याळ, मित्रांबरोबर तारकर्लीला स्कूबा करायला गेला. सकाळी रूमवर घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं म्हणून क्राऊन उघडून वेळ लावली, क्राऊन आत ढकलला आणि निघाला. ढकलला, पण फिरवून आवळला नाही. त्याला माहीतच नव्हतं की हा क्राऊन बाटलीच्या झाकणासारखा आट्यांचा आहे, उघडताना आपण काय फिरवलं याचा त्याने विचारच केला नव्हता. पाण्यातून वर आला तर काचेच्या आत धुकं. बोटीवर कुणीतरी सांगितलं तांदळात ठेव. आता मोबाईल तांदळात ठेवणारे लोक आहेत त्यांचंही मला काही कळत नाही पण घड्याळ? पाणी बंद केसच्या आत आहे, तांदूळ बाहेर आहेत, ते पाणी तांदळाने ओढून घ्यायचं कुठून? याने वर आणखी हुशारी म्हणून क्राऊन बाहेर ओढून ठेवला, हवा लागावी म्हणून. चार दिवस तांदळाच्या डब्यात. पाचव्या दिवशी माझ्याकडे.

मागचं झाकण उघडलं तर खारट वास आला. रोटरचं बेअरिंग गंजलेलं, स्क्रूंवर तांबूस पूड, काट्यांवर डाग, आणि क्राऊनच्या नळीत तांदळाचं पीठ. मी त्याला भिंगातून दाखवलं. तर मुलगा म्हणतो, "काका, पण यावर ३०० मीटर लिहिलंय ना?" अरे बाबा, घराला लोखंडी दरवाजा आहे पण तू कडी लावलीच नाहीस. मग म्हणाला बाजूला तो हिलियमवाला व्हॉल्व्ह आहे त्यातून पाणी बाहेर नाही का जाणार? मी खुर्चीतच मागे टेकलो. तो व्हॉल्व्ह जे डायव्हर दिवसेंदिवस हिलियम मिसळलेल्या हवेच्या चेंबरमध्ये राहतात त्यांच्यासाठी असतो, हिलियम इतका बारीक की घड्याळात शिरतो आणि बाहेरचा दाब कमी करत आणताना आतून काच उडवू शकतो, म्हणून त्याला बाहेर जायला वाट. तारकर्लीच्या अर्ध्या तासाच्या स्कूबाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. बिल झालं ते इथे सांगत नाही, त्याच्या आईने वाचलं तर.

तर क्राऊन आवळायची माझी पद्धत अशी. आधी हलका दाब देऊन उलटा फिरवायचा, आटे जागेवर बसल्याची बारीक टिक जाणवते, मग सुलटा आवळायचा. अडकल्यासारखं वाटलं तर जबरदस्ती नाही, पुन्हा पहिल्यापासून. घाईत वाकडे आटे चढवणारे लोक दर महिन्याला एक तरी येतात आणि मग नळी बदला, क्राऊन बदला.

३० मीटर लिहिलेलं घड्याळ म्हणजे हात धुताना, पावसात सापडलात तर ठीक. पोहायला नाही. तो आकडा म्हणजे नव्या घड्याळावर स्थिर दाबाची चाचणी, तुम्ही विहिरीत उडी मारता तेव्हा पाणी स्थिर नसतं. आणि पाणी अडवणारी गास्केट रबराची असते, ती वाळते. दहा वर्षं न उघडलेल्या घड्याळावर १०० मीटर लिहिलेलं असलं तरी मी ते शून्य धरतो. गरम पाण्याची आंघोळ, स्टीम, सोना यात तर घालूच नका, गरम-गार झालं की धातू आणि रबर आपापल्या मर्जीने वागतात, वर साबण. धुकं दिसलं तर त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे, समुद्राचं पाणी असेल तर त्याच तासाला म्हटलं तरी चालेल. तांदळाचा भात करा.

रात्री तारीख बदलणारे

हा माझा दुसरा राग. वर्षात पाच वेळा, म्हणजे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपला की साध्या तारखेच्या घड्याळात तारीख हाताने पुढे घ्यावी लागते कारण घड्याळाला सगळे महिने ३१ चेच वाटतात. आणि लोकांना हे कधी आठवतं, तर रात्री झोपताना. रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान बऱ्याच मशीनमध्ये तारीख बदलणारा दात चकतीला लागलेला असतो, तो आपलं काम सावकाश करत असतो, आणि तेव्हा तुम्ही क्राऊनने ती चकती ढकलता. कुणीतरी तुटणारच. व्हॅलजू ७७५० मशीनवाल्या क्रोनोग्राफला (स्टॉपवॉचवाल्या घड्याळाला) तर हे अजिबात सहन होत नाही, आणि ते मशीन कितीतरी महागड्या नावांच्या आत बसलेलं असतं. असा एक दात तुटून आलेल्या घड्याळाच्या पार्टसाठी आम्ही सात महिने थांबलो. मालक दर आठवड्याला फोन करायचे, "एवढंसं चाक आहे, बनवून टाका ना." चाक. बनवून. टाका.

बरं, घड्याळ बंद पडलेलं असेल तर काटे ९ वर दिसतात ते सकाळचे का रात्रीचे हे कळणार कसं? म्हणून मी कुठलंही घड्याळ हातात आलं की विचार न करता काटे साडेसहावर नेतो. सकाळचे असोत वा संध्याकाळचे, तो दात तेव्हा लांब असतो. मग कालची तारीख लावायची, मग काटे पुढे फिरवत जायचं, तारीख आजची झाली म्हणजे मध्यरात्र झाली, तिथून पुढे आत्ताची वेळ, दुपार उलटली असेल तर १२ एकदा ओलांडून. एक मिनिटाचं काम आहे. काही नव्या मशीनला याची गरज नसते हे मलाही माहीत आहे, पण तुमचं त्यातलं आहे का हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून साडेसहा.

जीएमटी घेतलं, पण आपण भारतात राहतो

मूळ पॅन अ‍ॅम या जुन्या अमेरिकन विमान कंपनीच्या पायलटांसाठी काढलेलं हे दोन ठिकाणच्या वेळा दाखवणारं घड्याळ आता भाचा लंडनला आहे म्हणून लोक घेतात. घ्या. पण मिनिटकाटा सगळ्यांचा एकच असतो आणि आपण ग्रीनिचच्या वेळेपासून साडेपाच तासांवर आहोत, त्या अर्ध्या तासाचं काय? चौथा काटा तासावर बरोबर बसवला तरी लंडनची वेळ अर्ध्या तासाने चुकीचीच दिसणार. एका काकांनी यावरून घड्याळ परत करायची तयारी केली होती. मनात तीस मिनिटं धरायची, दुसरा उपाय नाही.

गंमत म्हणजे हे काम कुठल्याही साध्या काट्यांच्या घड्याळाने होतं. भारतातली वेळ लावलेलं घड्याळ उलटं धरा, ६ वर आणि १२ खाली, तुम्हाला ग्रीनिचची वेळ दिसेल. आपले सकाळचे ९ वाजलेत तर उलटं धरल्यावर साडेतीन. हिवाळ्यात लंडनला हेच चालतं, उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढे करतात म्हणून एक मिळवा. आजोबांच्या जनतावर सुद्धा होतं हे.

बाकीचं भराभर

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकाचा संशय घ्या. पर्सची बटणं, टॅबचं कव्हर, स्पीकर. हेअरस्प्रिंग या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि बॅलन्स, म्हणजे घड्याळाचे ठोके देणारं चाक, घाईने हलतो. मी काउंटरवर होकायंत्र ठेवलंय, घड्याळ जवळ नेलं आणि सुई हलली की चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर अर्ध्या मिनिटाचं काम. कुठे याला "पूर्ण सर्व्हिसिंग लागेल" म्हणाले तर एकदा हे करून बघा म्हणावं.

दिवसाला ४-५ सेकंद पुढे जातं म्हणून भांडू नका. स्वित्झर्लंडची सीओएससी संस्था जे मशीन अचूकतेची चाचणी घेऊन क्रोनोमीटर म्हणून पास करते त्याला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. रस्त्यावरचं सेलवर (बॅटरीवर) चालणारं घड्याळ यापेक्षा अचूक असतं हे खरंय, त्यातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तुमचा बॅलन्स बहुतेक ८ ठोके देतो. अचूकच हवं होतं तर चुकीची वस्तू घेतलीत. आणि क्रोनोमीटर म्हणजे क्रोनोग्राफ नव्हे. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं.

त्या स्टॉपवॉचभोवतीच्या आकड्यांना टॅकिमीटर म्हणतात. एक्स्प्रेसवेवर एका किलोमीटरच्या पाटीला बटण दाबा, पुढच्या पाटीला थांबवा, काटा ३६ व्या सेकंदाला असेल तर समोर १०० दिसेल, तोच तुमचा ताशी वेग. शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही.

सेलचं महागडं घड्याळ बंद पडलं की ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका, सेल पाझरतो आणि मशीन खातो.

पॉलिश करून द्या म्हणणाऱ्यांना मी दोनदा विचारतो. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं, धारदार कडा गोल होतात आणि मग त्या परत येत नाहीत.

आतले माणिक काढून घ्याल म्हणून समोर बसून राहणारे अजून आहेत. बसा, चहा घ्या. ते माणिक कारखान्यात बनवलेले असतात, चाकांचे आस झिजू नयेत म्हणून, त्यांची अंगठी होत नाही.

आणि मागचं झाकण घरी उघडू नका. एकाने मशीन बघायचं म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीने प्रयत्न केला, झाकण उघडलं नाहीच कारण ते आट्यांचं होतं, सुरी घसरून मागे लांबलचक ओरखडा आला आणि अंगठ्याला तीन टाके पडले. पॉलिश करून जाईल का विचारत होता. म्हटलं राहू दे, मनगटाच्या बाजूला आहे, कुणाला दिसत नाही.