कर्नलमध्ये एसीपीआय टेबल मॅप कसे करावे

एसीपीआय टेबल म्हणजे फर्मवेअरने (मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरने) ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मेमरीत ठेवलेली हार्डवेअरची माहिती. फर्मवेअर टेबलचा जो पत्ता देते, तो फिजिकल असतो. पेजिंग (व्हर्च्युअल पत्ते फिजिकल पत्त्यांवर बसवणारी यंत्रणा) सुरू झाल्यावर तो तसाच पॉइंटर म्हणून वापरला तर पेज फॉल्ट येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलताच डेटा वाचला जातो. म्हणून आधी मॅपिंग, मग वाचन.

सुरुवात आरएसडीपीपासून, म्हणजे बाकी टेबलांपर्यंत नेणाऱ्या मूळ पॉइंटरपासून करा. यूईएफआय मशीनवर त्याचा पत्ता कॉन्फिगरेशन टेबलमध्ये मिळतो. जुन्या बायोसवर एक्स्टेंडेड बायोस डेटा एरियाचा पहिला १ केबी आणि ८९६ केबी ते १ एमबी हा भाग, दर १६ बाइटवर सिग्नेचर (ओळखीची ठरलेली अक्षरे) तपासत शोधावा लागतो. सापडल्यावर पहिल्या २० बाइटची बेरीज करा. बेरजेचा सर्वांत खालचा बाइट शून्य यायला हवा. रिव्हिजन २ किंवा पुढचे असेल तर सगळ्या ३६ बाइटची बेरीजही तपासा आणि आरएसडीटीऐवजी एक्सएसडीटीचा ६४-बिट पत्ता घ्या (या दोन्ही टेबलांत बाकी टेबलांच्या पत्त्यांची यादी असते).

खरी मेख पुढे आहे. टेबल किती मोठे आहे हे टेबलच्या आतच लिहिलेले असते. त्यामुळे मॅपिंग दोनदा करावे लागते. आधी फक्त ३६ बाइटचे हेडर मॅप करा, चौथ्या ऑफसेटवरची लांबी वाचा, ती ३६ पेक्षा कमी नाही ना हे बघा, मॅपिंग सोडा आणि मग पूर्ण लांबीचे नवे मॅपिंग करा.

पेज मोजताना घाई नको. समजा पेज ४०९६ बाइटचे आहे आणि टेबल पेजमधल्या ४०८० व्या ऑफसेटवर सुरू होते. ४०८० अधिक ३६ म्हणजे ४११६, म्हणजे नुसत्या हेडरलाच दोन पेज लागली! म्हणून ऑफसेट आणि लांबी यांची बेरीज करून ती वरच्या पेजपर्यंत पूर्ण करा, आणि मिळालेल्या व्हर्च्युअल पत्त्यात ऑफसेट परत मिळवा. हे मिळवणे राहून गेले की सिग्नेचरच्या जागी कचरा दिसतो.

टेबल रॅममध्ये असतात, म्हणून मॅपिंग साधे कॅशेबल ठेवा. एआरएम६४ वर ते डिव्हाइस मेमरी म्हणून मॅप केले तर अनअलाइन्ड (आकाराच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरच्या) वाचनाला फॉल्ट येतो, आणि असे वाचन इथे टळत नाही: एक्सएसडीटीतल्या ८ बाइटच्या नोंदी ३६ व्या ऑफसेटपासून सुरू होतात. त्या थेट पॉइंटरने न वाचता मेमकॉपीने काढून घ्या.

पूर्ण टेबलची चेकसम, म्हणजे वरच्यासारखीच सगळ्या बाइटची बेरीज, तपासा. एफएसीएस (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांचे सामायिक टेबल) याला मात्र चेकसम नसते, त्याला वगळा. एमएडीटी (इंटरप्ट कंट्रोलरांची माहिती देणारे टेबल) शोधताना सिग्नेचर ‘एपीआयसी’ असते, हेही ध्यानात ठेवा.

बूटच्या सुरुवातीला तात्पुरत्या मॅपिंगच्या जागा मोजक्याच असतात. लिनक्समध्ये ‘अर्ली_मेमरीमॅप’ (early_memremap) या फंक्शनने घेतलेली जागा काम झाल्याबरोबर परत करावी लागते. आणि ‘एसीपीआय रीक्लेम’ प्रकारची मेमरी (टेबल वाचून झाल्यावर परत वापरता येणारी) अॅलोकेटरला, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या भागाला, देण्याआधी हवी ती टेबल कॉपी करून घ्या.