पुसलेल्या नंबरच्या ट्रान्झिस्टरचे पाय ओळखा

जुन्या बोर्डावरून काढलेल्या ट्रान्झिस्टरचा नंबर पुसलेला असला की तीन पायांपैकी बेस कुठला, कलेक्टर कुठला आणि एमिटर कुठला, ते कळत नाही. अंदाजाने जोडू नका, मल्टिमीटर सांगतो.

१. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा.

२. लाल प्रोब एका पायावर धरून काळी बाकी दोघांना आळीपाळीने लावा. दोन्हीकडे ०.६ ते ०.७ व्होल्ट आलं, तर लालखालचा पाय बेस आणि ट्रान्झिस्टर एनपीएन प्रकारचा. काळी स्थिर ठेवून तसं आलं, तर काळीखालचा पाय बेस आणि ट्रान्झिस्टर पीएनपी, म्हणजे उलट प्रकारचा. नाहीच आलं तर पुढचा पाय घ्या.

३. आता ते दोन आकडे शेवटच्या अंकापर्यंत वाचा. फरक अगदी थोडा असतो, समजा ०.६५८ आणि ०.६५४. मोठा आकडा एमिटरचा, लहान कलेक्टरचा.

नंबर वाचता येत असला तरी मी हे करतोच. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७ चा डावा पाय कलेक्टर असतो, २एन ३९०४ चा मात्र एमिटर. दिसायला दोन्ही सारखेच!

बोर्डावर बसवलेला असताना मोजू नका. शेजारचे रेझिस्टर आणि कॉइल आकडा बिघडवतात.