खानदेशातल्या उन्हाळ्यात एचिंगची शाई कशी निवडावी

एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा खोदायच्या, त्यांत शाई भरायची आणि प्रेसखाली कागदावर ठसा घ्यायचा. प्लेट खोदण्यात दिवसचे दिवस घालवायचे आणि शाई मात्र दुकानात हाताला लागेल ती उचलायची, हे मी सतत बघतो. ठसा फिका आला की ॲसिडला दोष, कागदाला दोष, प्रेसला दोष. आमच्या जळगाव-भुसावळकडे तर सगळ्यात आधी शाईकडे बघावं. प्लेट साफ आहे, कडा घासलेल्या आहेत, कागद भिजवलेला आहे, असं धरून पुढचं लिहितो.

पायरी १ : शाईची जात ओळखा

इंटॅग्लिओत, म्हणजे एचिंगसारख्या खोदीव छपाईत, शाई प्लेटच्या पृष्ठभागावर नसते, खोदलेल्या रेघेच्या आत बसते. ती आत शिरायला हवी, पुसताना आतच टिकायला हवी आणि प्रेसखाली ओल्या कागदाने ओढली की पूर्ण बाहेर यायला हवी. ही तिन्ही कामं करणारी शाई म्हणजे रंगद्रव्य आणि आटवून घट्ट केलेलं अळशीचं तेल. शाईच्या डब्यावर ‘एचिंग’ किंवा ‘इंटॅग्लिओ’ असं लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या.

गावातल्या छापखान्यात ऑफसेटची शाई स्वस्त मिळते आणि तिथला माणूस प्रेमाने सांगतो, “घ्या भाऊ, शाई ती शाई.” घेऊ नका. ऑफसेटची शाई अगदी पातळ थर देण्यासाठी बनवलेली असते. तिला चिकटा फार आणि बहुतेक वेळा आत ड्रायरही (शाई लवकर सुकवणारं रसायन) असतो. कापड पुसताना अडखळतं, पार्श्वभूमी राखाडी राहते, बारीक रेघेतली शाई मात्र ओढून निघते. सरावाच्या पहिल्या ठशालाही ती नको, कारण ॲसिडने प्लेट नीट चावली गेली आहे की नाही हेच मग कळत नाही.

पायरी २ : तेलाची की पाण्याने धुतली जाणारी

पॅरिसमध्ये सुरू झालेली शार्बोनेल कंपनी १८६२ पासूनची, एचिंगच्या शाया बनवते. तिची काळी शाई महाग वाटते, पण ६० मिलीची ट्यूब लहान प्लेटना बराच काळ पुरते. घरात काम असेल, लहान मुलं असतील, तर कॅलिगो सेफ वॉश या नावाची शाई घ्या. ती तेलाचीच शाई आहे, फक्त साबण-पाण्याने निघते. अकुआ ही तिसरी शाई वेगळी. ती मुख्यतः कागदात जिरून सुकते, त्यामुळे डब्यात साय धरत नाही. आपल्या उन्हाळ्यात हा मोठा फायदा आहे. मात्र ती मऊ असते, जोरात पुसली तर रेघा रिकाम्या होतात आणि कमी शोषणाऱ्या कडक कागदावर सुकायला वेळ लावते.

पायरी ३ : आधी एकच काळा

बोन ब्लॅक, म्हणजे जाळलेल्या हाडांचा काळा, उबदार, किंचित तपकिरी झाकीचा. दिव्याच्या काजळीचा काळा थंड, निळसर. सुरीने पांढऱ्या कागदावर पातळ ओढून बघा, झाक लगेच दिसते. रंगीत काम जस्ताच्या प्लेटवर करणार असाल तर पिवळा आणि पांढरा मळकट पडतो, हे लक्षात ठेवा.

पायरी ४ : घट्टपणा

मी सगळ्यात जास्त इथेच अडलो आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. “घट्ट वाटली तर थोडं रॉकेल टाका”, “टर्पेंटाइन टाका”. अजिबात टाकू नका. शाईतल्या तेलाचा बंध सुटतो, ती ओल्या कागदात पसरते आणि रेघेची धार जाते. फर्निचरच्या पॉलिशसाठी मिळणारं डबल बॉईल्ड अळशीचं तेलही नको. त्यात ड्रायर असतो, शाई मळायच्या काचेवरच सुकायला लागते. कच्चं अळशीचं तेल घातलं तर रेघेभोवती पिवळसर कड उमटते. पातळ करायचीच असेल तर फक्त बर्न्ट प्लेट ऑइल (एचिंगसाठी मिळणारं आटवलेलं अळशीचं तेल), तेही थेंबाथेंबाने.

पण तेलाची बाटली उघडण्याआधी शाई काचेवर सुरीने चांगली पाच मिनिटं मळा. डब्यातली शाई पडून पडून आखडलेली असते, मळली की सैल होते. न मळताच तेल ओतणारे पुढे दिवसभर ती घट्ट करत बसतात.

मळून झाली की सुरीवर उचला आणि पाकाची तार बघतो तशी बघा. शाई सुरीला धरून राहावी, मग सावकाश लोंबावी आणि तुटावी. लांब, बारीक तार धरून घळघळ ओघळली तर सैल आहे. गोळा हललाच नाही तर घट्ट आहे. मग बोटाने टिपून उचला. बोट सुटताना शाई ओढून धरत असेल तर चिकटा जास्त आहे. घट्टपणा आणि चिकटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घट्ट शाई चिकट असतेच असं नाही. चिकट्यावर चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट चालतं. मुठीने टाकलंत तर काळा राखाडी होईल. सैल शाई घट्ट करायला मी बोन ब्लॅकची भुकटीच मळतो, म्हणजे काळ्याची खोली जात नाही.

आता हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ च्या पुढे जातो आणि सकाळी बरोबर असलेली शाई दुपारी वाहायला लागते. ठशावर खोल रेघांची शाई एका बाजूला फुटलेली दिसली की ओळखा, सैल झाली. उन्हाळ्यात थोडी घट्टच शाई निवडा, पहाटे पाचला कामाला लागा, काच खिडकीपासून लांब ठेवा आणि प्लेट तापवायची हॉटप्लेट कपाटात टाका. थंडीत उलट. जानेवारीच्या सकाळी शाई आखडते, तेव्हा तेल घालण्यापेक्षा प्लेट कोमट करा, तळहात ठेवता येईल इतकीच.

प्लेटचंही ऐका. खोल चावलेल्या रेघांना घट्ट शाई लागते. ॲक्वाटिंटला (रेघांऐवजी बारीक दाण्यांनी छटा दिलेल्या प्लेटला) थोडी मऊ, नाहीतर पुसताना डाग राहतात. ड्रायपॉइंटला (ॲसिडशिवाय, सुईने थेट ओरखडलेल्या प्लेटला) सगळ्यात मऊ, कारण घट्ट शाई पुसताना रेघेच्या कडेचा नाजूक काठ मोडतो.

पायरी ५ : धुणं आणि ठेवणं

काच आणि प्लेट सरकीच्या तेलाने पुसा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. सरकीचं तेल शाईत मात्र मिसळायचं नाही, सुकण्याचं काम बिघडतं.

अळशीच्या तेलाने माखलेल्या सुती चिंध्या कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, ढिगाऱ्यात ती अडकते आणि चिंध्या आपोआप पेटतात. आपल्या पत्र्याच्या खोल्यांत तर धोका आणखी मोठा. पाणी भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी बादलीत टाका.

डब्यातली शाई खणून काढू नका. वरून सपाट खरवडत घ्या आणि उरलेल्या पृष्ठभागावर बटर पेपर हवा न राहता दाबून बसवा. तरी साय आलीच तर ती सुरीने अख्खी उचलून फेका. मळण्यात तिचा एक कण जरी गेला, तरी पुसताना प्लेटवर ओरखडा पडतो.