जुना गेम परत बाजारात आणायचाय? आधी एवढं जमवा

जुना डॉसचा किंवा विंडोज ९५ चा गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवणं वेगळं आणि तो रीतसर विकायला काढणं वेगळं. पहिलं काम एखाद्या रविवारी उरकतं, दुसऱ्याला वर्षही जातं, आणि ते वर्ष काही कोड लिहिण्यात जात नाही, कागद आणि जुन्या फाइली शोधण्यात जातं. म्हणून यादी कागदांपासूनच सुरू करतोय, ज्यांना लगेच डॉसबॉक्स (विंडोजआधीच्या डॉसचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) उघडायचाय त्यांनी जरा दम धरा.

तर पहिलं, गेम कोणाचाय ते काढा. जमीन घेताना सातबारा आणि सगळे फेरफार बघतात ना, तसंच. बॉक्सवर नाव छापलंय तोच मालक असं अजिबात धरू नका, कारण मधल्या पंचवीस-तीस वर्षांत डेव्हलपर बुडालेला असतो, पब्लिशर कोणीतरी विकत घेतलेला असतो, आणि त्या घेणाऱ्यालाही आणखी कोणी घेतलेलं असतं. सिस्टिम शॉक २ चंच बघा, गेम १९९९ चा, तो बनवणारी लुकिंग ग्लास कंपनी २००० मध्ये बंद पडली आणि हक्क जाऊन बसले चक्क एका इन्शुरन्स कंपनीकडे! स्टीफन किकनं त्यांना गाठून परवानगी मिळवली, २०१३ मध्ये गेम गॉगवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आला, आणि जुने गेम परत आणणाऱ्या त्याच्या नाइटडाइव्ह कंपनीचं दुकान खरं तर तिथूनच चालू झालं. पण हीच नाइटडाइव्ह नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर या गेमच्या मागे लागली तेव्हा वॉर्नर, अ‍ॅक्टिव्हिजन आणि फॉक्स अशा तीन दारांवर फिरून शेवटी हात हलवत परत आली. त्यामुळे कॉपीराइट कोणाचा आणि नावाचा ट्रेडमार्क कोणाचा हे दोन वेगळे प्रश्न म्हणून लिहून ठेवा, दोन्हीची उत्तरं सहीशिक्क्यानिशी हवीत, "आमच्याकडेच असेल बहुतेक" या ईमेलवर पुढे जायचं नाही.

मालक मिळाला म्हणजे झालं असंही नाही. गेमच्या आत दुसऱ्यांचं काय काय आहे त्याची वेगळी यादी करा: गाणी, आवाज देणारे लोक, गाड्यांचे ब्रँड, दुकानांच्या पाट्या, व्हिडिओ आणि साउंड वाजवणाऱ्या लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड), सगळं. गाणी तर सगळ्यात डेंजर. जीटीए व्हाइस सिटीमधून २०१२ मध्ये काही गाणी काढावी लागली, अ‍ॅलन वेक २०१७ मध्ये गाण्यांच्या लायसन्सपायी काही काळ दुकानातूनच उतरवला होता, आणि क्रेझी टॅक्सी परत आला तेव्हा त्यातली पिझ्झा हट आणि केएफसी गायब. आपल्याकडे सायबर कॅफेत वाढलेल्या पिढीचं रोड रॅशवर केवढं प्रेम, पण त्या पीसीवाल्या व्हर्जनमध्ये साउंडगार्डनसारख्या खऱ्या बँडची गाणी होती, म्हणजे त्याला हात घालणाऱ्यानं आधी प्रत्येक गाण्याचा मालक शोधायचा. लायब्रऱ्यांचंही तसंच, डूमचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ कोड) १९९७ मध्ये खुला केला तेव्हा साउंडचा भाग दुसऱ्याच्या लायसन्सचा होता म्हणून तो देताच आला नाही.

आता सामान. सोर्स कोड मिळाला तर नशीब, पण नाहीच मिळणार असं धरून प्लॅन करा. ब्लेड रनरच्या १९९७ च्या गेमचा सोर्स हरवला, आइसविंड डेल २ चाही सापडला नाही. कंपन्या हलल्या, सर्व्हर बदलले, टेप कोणाच्या तरी गॅरेजमध्ये गेल्या. उलट प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ अ‍ॅपल २ कॉम्प्युटरचा कोड २०१२ मध्ये गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांना घरात ठेवलेल्या फ्लॉपींमध्ये सापडला, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमरना फोन करून "माळ्यावर काही आहे का बघा ना" हे विचारणं हा तयारीचा खराखुरा भाग आहे, त्याला लाजू नका. फ्लॉपी मिळाल्याच तर घरच्या ड्राइव्हमध्ये पुन्हा पुन्हा घालून बघू नका, फ्लॉपीची मॅग्नेटिक इमेज (हुबेहूब नक्कल) काढणारं हार्डवेअर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच द्या, एकदाच वाचली जाईल अशी अवस्था असते बऱ्याचदा.

सोर्स नसेल तर शेवटचा पॅच (दुरुस्ती) मारलेली पूर्ण सीडी हवी, आणि शक्यतो वेगवेगळ्या देशांत निघालेल्या प्रती हव्यात कारण त्यांच्यात फरक असतात. सीडीची इमेज काढताना नुसती आयएसओ फाइल काढू नका, बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी काढा, कारण त्या काळच्या खूप गेमचं म्युझिक सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असायचं आणि आयएसओमध्ये ते येतच नाही, मग गेम चालतो पण मुका. मॅन्युअल, नकाशे, कोड व्हील (गेम खरा घेतलाय हे पटवायचं कोडचं फिरतं चक्र), सगळं चांगलं स्कॅन करून ठेवा. हे नुसतं आठवण म्हणून नाही हां. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या डॉस व्हर्जनमध्ये पहिली लेव्हल झाली की मॅन्युअलमधल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर विचारतात आणि त्या अक्षराची बाटली प्यावी लागते, मॅन्युअलच नसेल तर पैसे देऊन गेम घेतलेला माणूस तिथेच अडकला. (शाळेच्या लॅबमध्ये बाटल्या अंदाजाने पिणारे आपण सगळे, पण तेव्हा पैसे कुठे दिले होते.)

कॉपी प्रोटेक्शन (नकला रोखणारं कुलूप) काढायचं असेल तर ते स्वतः किंवा मूळ डेव्हलपरकडून काढा, नेटवरचा नो-सीडी क्रॅक (सीडीशिवाय गेम चालवणारी चोरटी फाइल) उचलून डब्यात घालू नका. हे सांगायची वेळ येऊ नये, पण स्टीम या ऑनलाइन दुकानावरच्या मॅक्स पेन २ मध्ये २०१० साली एका क्रॅकर ग्रुपचा लोगो सापडला होता, तेही अधिकृत विक्रीच्या प्रतीत. फॅन लोकांच्या पॅचचं वेगळं, ते जरूर वापरा, पण विचारून, नाव देऊन आणि जमल्यास पैसे देऊन, कारण तुमचा गेम इतकी वर्षं जिवंत ठेवला तो त्यांनीच. डॉसबॉक्स आणि स्कमव्हीएम (जुने अ‍ॅडव्हेंचर गेम चालवणारा प्रोग्रॅम) दोन्ही जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आहेत, विकायला बंदी नाही, पण लायसन्सचा मजकूर आणि तुम्ही वापरलेल्या व्हर्जनचा सोर्स द्यायची सोय करावी लागते, ते विसरलं की फुकटचा वाद.

एवढं हातात आलं की मग मशीन. डॉसचा गेम असेल तर निम्मं काम डॉसबॉक्स करतो, उरलेलं म्हणजे सायकल्स (डॉसबॉक्सच्या नकली प्रोसेसरचा वेग) ठरवणं, कारण त्या काळचे काही गेम प्रोसेसरच्याच वेगानं पळतात, मोकळे सोडले की माणूस दिसायच्या आत दरीत. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला असेल तर रनटाइम एरर २०० येतोय का बघा, वेगवान प्रोसेसरवर सुरुवातीलाच भागाकाराच्या हिशोबात उडतो तो. ३२० बाय २०० चं चित्र चार-तीनच्या मॉनिटरसाठी काढलेलं असतं, ते तसंच आडवं पसरवलं की सगळे जाडे दिसतात, आडवं पाचपट आणि उभं सहापट केलं की १६०० बाय १२०० नीट बसतं. तुमच्या मॉनिटरवर तेवढी जागा नसेल तर थोडं धूसर चालेल, जाडे लोक चालणार नाहीत. म्युझिकसाठी अ‍ॅडलिब, साउंड ब्लास्टर आणि रोलंड एमटी-३२ ही त्या काळची साउंडची उपकरणं तिन्ही ऐकून बघा, संगीतकारानं ज्यावर बसून रचलं तेच डिफॉल्ट ठेवा, फक्त एमटी-३२ च्या रॉम फाइलींचाही (त्याच्या चिपमधला डेटा) कॉपीराइट असतो हे ध्यानात असू द्या.

विंडोज ९५-९८ चे गेम खरं तर जास्त छळतात. गेम ३२ बिटचा असला तरी इन्स्टॉलर १६ बिटचा असतो आणि ६४ बिट विंडोज तो उघडतच नाही, म्हणून इन्स्टॉलर नवीनच करा. सेफडिस्क हे कॉपी प्रोटेक्शन असलेला गेम विंडोज १० वर सुरूच होत नाही, त्याचा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टनं काढून टाकला. २५६ रंगांचे गेम विंडोज ७ वर इंद्रधनुष्यासारखे विचित्र दिसायचे ते आठवत असेलच, ग्लाइडवाल्या (जुन्या ग्राफिक्स कार्डांसाठी लिहिलेल्या) गेमना एनग्लाइड किंवा डीजीव्हूडूसारखा रॅपर, म्हणजे नव्या कार्डाशी बोलणारा दुभाषा लागतो, आणि फ्रेम रेट मोकळा सोडला तर फिजिक्स बोंबलतं म्हणून लिमिटर घाला. सेव्ह फाइल विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरमध्ये लिहू देऊ नका. आणि एक टेस्ट आपल्याकडच्या कोणीतरी करायलाच पाहिजे, विंडोजच्या युजरचं नाव देवनागरीत ठेवून गेम चालवून बघा, जुन्या कोडला असा पाथ वाचता येत नाही आणि गेम काही न सांगता बंद होतो. ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमस्पाय या सेवेवर असेल तर ते २०१४ मध्येच संपलं, दुसरी सोय करा नाहीतर स्टोअरच्या पानावर मल्टिप्लेअर लिहू नका.

ग्राफिक्स सुधारायचे का, हा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतला. माझं मत, मूळ गेम जसाच्या तसा नीट चालत नाही तोवर टेक्स्चरला (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) हात लावायचा नाही, आणि नंतर लावलात तरी मूळ व्हर्जन डब्यात राहू द्यायचं. ब्लेड रनरची स्कमव्हीएमवर चालणारी प्रत २०१९ मध्ये गॉगवर आली होती, मस्त चालत होती, २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि जुनी काढली, लोक इतके भडकले की जुनी परत द्यावी लागली. २०२१ च्या जीटीए ट्रिलॉजीत तर दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंच बिघडलेली. सगळं मशीनकडून चकचकीत करून घेतलं की माणसानं एकेक पाटी वाचून बघायला लागते, तेवढा वेळ आणि माणसं नसतील तर नका करू, चार-तीनची खणखणीत प्रत विका, लोक घेतात.

विक्रीच्या आदल्या आठवड्यात तीन-चार जुनेपाने लॅपटॉप, एक दोन-मॉनिटरवालं मशीन आणि एक स्टीम डेक (हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर) यांवर गेम पूर्ण संपवून बघा, नुसती पहिली लेव्हल नाही, कारण शेवटचा व्हिडिओच न चालणं हा फार कॉमन प्रकार आहे. बिल्ड, स्कॅन, करार, ईमेल सगळ्याच्या दोन कॉप्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि प्रत्येक लायसन्स कधी संपतं ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका, रिमाइंडर सहा महिने आधीचा लावा आणि तो एकट्याच्या फोनवर न ठेवता कंपनीच्या अकाउंटवर लावा, तुम्ही नोकरी सोडलीत तरी वाजला पाहिजे.